आरोग्यसेवेतील जोडउपकरणे : नर्सिंग विद्यार्थ्यांची अभिवृत्ती

रुग्णाची मोजमापे आपोआप घेऊन ती जाळ्यावरून इतरत्र पोचवणाऱ्या उपकरणांविषयी नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना काय वाटते, त्यांवर त्यांचा कितपत भरवसा बसतो आणि ती वापरायची त्यांची किती तयारी असते, हा नर्सिंग शिक्षणातील एक अभ्यासविषय. मध्यवर्ती पडद्याला जोडलेले मॉनिटर, शिरेतून औषध ठरावीक वेगाने सोडणारे इन्फ्यूजन पंप, दंडावर चिकटवायचे ग्लुकोज सेन्सर, घरी गेलेल्या रुग्णाचे बीपी कळवणारी यंत्रे ही त्याची नेहमीची उदाहरणे.

अशा पाहण्यांत फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या तंत्रज्ञान-स्वीकार प्रारूपाचा आधार बरेचदा घेतला जातो. वस्तू उपयोगी वाटते का आणि वापरायला सोपी वाटते का, हे त्यातले दोन मुख्य प्रश्न. पण ते प्रारूप कार्यालयीन संगणकप्रणालींसाठी घडले. वॉर्डात तिसराही प्रश्न असतो : यंत्र आणि रुग्ण यांचे पटले नाही, तर खरे कोणाचे मानायचे?

पल्स ऑक्सिमीटरचेच पाहा. ऑक्सिजनचा आकडा एकदम ८२ वर येतो, अलार्म वाजतो. शिकलेली नर्स आधी रुग्णाचा श्वास, ओठांचा रंग, शुद्ध पाहते. मग बोटावरचा प्रोब सरकलाय का, बोट गार आहे का, नखाला गडद पॉलिश आहे का हे तपासते. नवखा विद्यार्थी पडद्याकडेच पाहत राहतो, किंवा खोटे अलार्म ऐकून ऐकून पुढे त्याकडे काणाडोळा करू लागतो. या दुसऱ्या सवयीला अलार्म-थकवा म्हणतात. आंधळा विश्वास आणि सरसकट अविश्वास, दोन्ही घडतात ते क्लिनिकल पोस्टिंगमध्ये, म्हणजे वॉर्डातल्या प्रत्यक्ष कामाच्या काळात. पाहणीच्या प्रश्नावलीत ‘मला तंत्रज्ञान आवडते’पुढे केलेल्या खुणेवरून त्याचा फारसा अंदाज येत नाही.

टीपीआर चार्ट (ताप, नाडी, श्वास यांच्या नोंदींचा तक्ता) भरण्याचा वेळ वाचेल, ही विद्यार्थ्यांची अपेक्षा रास्तच. धास्ती असते ती रुग्णाची माहिती फुटण्याची, त्याच्याशी बोलणे कमी होण्याची आणि चुकीच्या नोंदीचे खापर आपल्यावर फुटण्याची.

भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ पासूनच्या बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रमात आरोग्य माहितीशास्त्र व तंत्रज्ञान हा विषय आहे. प्रणाली बंद पडल्यावर काय करायचे, याचाही सराव त्यात हवा : नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, तेव्हा तिथली कामे कित्येक दिवस कागदावर चालवावी लागली होती.