धूळ आणि धूर: निर्देशांक एक, दुखणी दोन

हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक (एक्यूआय) २०० झाला, एवढ्यावरून हवेत नेमके काय आहे ते कळत नाही. भारतीय पद्धतीत पीएम १० चे, म्हणजे १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांचे (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), प्रमाण दर घनमीटरला २५० मायक्रोग्रॅम झाले तरी निर्देशांक २०० येतो आणि पीएम २.५ चे, म्हणजे २.५ मायक्रॉनपर्यंतच्या कणांचे, प्रमाण ९० मायक्रोग्रॅम झाले तरी तोच येतो. कारण प्रत्येक घटकाचा वेगळा उपनिर्देशांक काढतात आणि ज्याचा सर्वांत जास्त, तोच त्या दिवसाचा निर्देशांक म्हणून जाहीर होतो. पहिल्या प्रसंगी हवेत मुख्यतः धूळ असते, दुसऱ्या प्रसंगी मुख्यतः धूर. (काटेकोर बोलायचे तर पीएम १० मध्ये १० मायक्रॉनपर्यंतचे सगळेच कण मोजले जातात, म्हणजे पीएम २.५ त्यातच येतात.)

धूळ रस्ता, खडी, माती, बांधकाम यांतून घासून, फुटून उडते. तिचे जाड कण नाकातले केस आणि श्वासनलिकेतला चिकट स्राव बऱ्याच अंशी अडवतात, आणि ते शिंकेवाटे, खोकल्यावाटे किंवा कफावाटे बाहेर पडतात. तिच्याने डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो, दम्याच्या रुग्णाला धाप लागते. तिला निरुपद्रवी मात्र म्हणता येणार नाही, कारण दगडखाणीतल्या सिलिकायुक्त धुळीचा बारीक अंश फुप्फुसात रुतून कामगाराला सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार जडवतो.

धूर जळण्यातून आणि तापलेल्या वायूंच्या गोठण्यातून तयार होतो. वणव्याच्या धुरातले बहुतेक कण एक मायक्रॉनहूनही लहान असतात, आणि माणसाचा केस सुमारे ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो हे लक्षात घेतले म्हणजे त्यांच्या सूक्ष्मतेची कल्पना येते. पाण्याइतक्या घनतेचा १० मायक्रॉनचा कण स्थिर हवेत दोन मीटर खाली यायला दहा-अकरा मिनिटे घेतो, तर अर्ध्या मायक्रॉनच्या कणाला त्याच अंतरासाठी दोन दिवसांहून अधिक काळ लागतो. म्हणूनच जून २०२३ मध्ये कॅनडातील क्वेबेकच्या जंगलांचा धूर शेकडो किलोमीटर ओलांडून न्यूयॉर्कवर उतरला आणि तिथले आकाश नारिंगी झाले.

धुराचे हे कण थेट फुप्फुसातल्या वायुकोशांपर्यंत (हवेच्या सूक्ष्म पिशव्यांपर्यंत) पोहोचतात, जिथे कचरा वर ढकलणारी केसलव नसते. तिथे उठणारा दाह फुप्फुसापुरता राहत नाही. रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते, रक्तवाहिन्या आकसतात, आणि आधीच हृदयविकार असलेल्या माणसाला झटका किंवा पक्षाघात येण्याचा धोका वाढतो. छातीत काहीही जाणवत नसतानाही हे घडू शकते, आणि माझ्या मते धुराची खरी फसवणूक इथे आहे.

धुराधुरांतही फरक असतो. दक्षिण कॅलिफोर्नियातील १९९९ ते २०१२ या काळातल्या नोंदींच्या अभ्यासात, वणव्याच्या पीएम २.५ मध्ये दर घनमीटरला १० मायक्रोग्रॅमची वाढ झाल्यावर श्वसनविकारांसाठी रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचे प्रमाण १.३ ते १० टक्क्यांनी वाढलेले आढळले. इतर स्रोतांच्या तेवढ्याच कणांनी ही वाढ ०.६७ ते १.३ टक्के इतकीच होती. वणवा वस्तीत शिरला तर रंग, प्लास्टिक, वायरीही जळतात. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातलेच पॅराडाइज हे गाव वणव्यात जळाले तेव्हाच्या धुरात शिसेही सापडले होते.

उपायांची गल्लत इथूनच सुरू होते. मुंबईत बांधकामाभोवती पत्रे उभारणे आणि रस्त्यावर पाणी मारणे हे धुळीवरचे योग्य उपाय आहेत, पण आधीच हवेत पसरलेल्या धुरावर त्यांचा फारसा इलाज चालत नाही. तोंडाला बांधलेला ओला रुमाल जाड धूळ काही प्रमाणात अडवतो. धुराचे कण त्यातून सहज जातात. धुरासाठी चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ मास्क लागतो, कारण तो ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे किमान ९५ टक्के कण गाळतो. कडेला फट राहिली तर त्याचाही फारसा उपयोग होत नाही. धुराच्या दिवशी दारे-खिडक्या लावून घ्याव्यात हे बहुतेकांना ठाऊक असते, परंतु त्याच बंद खोलीत उदबत्ती, धूप किंवा डासांची कॉइल पेटवली, तर बाहेर अडवलेला धूर घरातच तयार होतो.