सातारा : एकोणिसाव्या शतकावरचे ग्रंथ

छत्रपती प्रतापसिंह यांची कारकीर्द, १८३९ मधील त्यांची पदच्युती, १८४८ मध्ये खालसा झालेले राज्य आणि १८५७ चा कट यांभोवती मराठीत व इंग्रजीत जमलेले वाङ्मय. इतिहास म्हणून छापलेल्या यातील बऱ्याच ग्रंथांचा घाट कैफियतीचा आहे. महाराज दोषी होते की त्यांना गोवले गेले, हाच प्रश्न फिरून फिरून येतो.

आरंभ मात्र दोस्तीतून झाला. १८१८ मध्ये कॅप्टन जेम्स ग्रँट (पुढे ग्रँट डफ) याची साताऱ्यास नेमणूक झाली. राज्याची घडी बसवता बसवता त्याने मराठी दप्तरे चाळली. तरुण प्रतापसिंहांनी कागद मिळवून देण्यास हात दिला. त्यातून मराठ्यांचा त्रिखंडात्मक इतिहास १८२६ मध्ये लंडनला निघाला. कॅप्टन डेव्हिड केपनने तो मराठीत आणला आणि मराठी वाचक त्याला ‘बखर’ म्हणूनच ओळखू लागले. नीलकंठ जनार्दन कीर्तने यांनी विद्यार्थिदशेत, १८६८ मध्ये, त्यावर टीका लिहिली. साहेबाच्या इतिहासाला उलट प्रश्न विचारण्याची मराठीतली वाट या छोट्या निबंधाने रुळवली.

ग्रँट डफ पेशवाईच्या अखेरीपाशी थांबतो, त्यामुळे पुढचा घात त्यात नाही. गोव्याचे पोर्तुगीज, नागपूरचे पदच्युत आप्पासाहेब भोसले आणि कंपनीच्या पलटणीतील शिपाई यांच्याशी संधान बांधल्याचा आळ महाराजांवर आला. मुंबईचा गव्हर्नर कारनॅक स्वतः साताऱ्यास आला. कबुलीच्या कागदावर सही केली असती तर गादी राहिली असती. महाराजांनी ती केली नाही. त्यांना काशीस धाडले, तेथेच १८४७ मध्ये ते वारले. वकील रंगो बापूजी गुप्ते लंडनमध्ये तेरा-चौदा वर्षे दाद मागत राहिले.

या प्रकरणावर मेजर बा. दा. बसू यांचा इंग्रजी ग्रंथ १९२२ मध्ये आला. तो कागदपत्रांच्या आधाराने चालतो, वाचताना दमछाक होते. प्रबोधनकार ठाकरे यांचे ‘प्रतापसिंह छत्रपती आणि रंगो बापूजी’ (१९४८) मात्र पेटलेले पुस्तक आहे. वेदोक्ताच्या (वैदिक मंत्रांनी संस्कार करण्याच्या हक्काच्या) वादातले सांगलीचे चिंतामणराव पटवर्धन आणि दरबारी कारस्थानातले बाळाजीपंत नातू यांना ते जराही सवलत देत नाहीत. बहारदार आहे, फक्त पुरावा कुठे संपतो आणि आवेश कुठे सुरू होतो, हे वाचणाऱ्यानेच पाहायचे.

१८५७ विषयीच्या लेखनात साताऱ्यातील गेंडामाळाचे पान सर्वांत जड. ८ सप्टेंबर १८५७ रोजी तेथे सतरा जणांना मारले : पाच फासावर, सहा तोफेच्या तोंडी, सहा गोळ्या घालून. फाशी गेलेल्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता. बाप मात्र इंग्रजांच्या हाती कधीच लागला नाही, आणि चरित्रकारांना तेथून पुढे हात टेकावे लागतात. सावरकरांनी आपल्या १८५७ वरील ग्रंथात (१९०९) रंगो बापूजी व नानासाहेब पेशव्यांचा वकील अझीमुल्ला यांच्या लंडनमधील भेटीतून उठावाचा धागा काढला. नाट्य जबरदस्त आहे, आधार तेवढा भक्कम नाही.

कराडजवळच्या टेंभूचे गोपाळ गणेश आगरकर यांचे ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस’ (१८८२) कोल्हापूर प्रकरणाचे (तेथील कारभाऱ्यावरील टीकेवरून झालेल्या खटल्याचे) असले, तरी छळ झालेल्या राजाची बाजू मांडून तुरुंगात गेलेल्या माणसाचे म्हणून येथे नोंदवावे.

साताऱ्यास बसून काम केले ते दत्तात्रय बळवंत पारसनीस (१८७०–१९२६) यांनी. झाशीच्या राणीचे त्यांचे चरित्र १८९४ चे. १९०८ पासून त्यांनी ‘इतिहाससंग्रह’ मासिक चालवले. कागद मिळवण्यात त्यांचा हातखंडा होता. त्यांचा संग्रह पुढे पुण्यात डेक्कन कॉलेजात गेला. त्यामुळे आजही साताऱ्याच्या अभ्यासकाला आपल्याच गावात जमवलेले कागद पाहायला पुण्याची एसटी धरावी लागते.