असंपृक्त मेदाम्ले : कोकणी आहारातील स्थान

तेल-तूप ज्यांचे बनते त्या मेदाम्लांपैकी ज्यांच्या कार्बन-साखळीत एक किंवा अधिक द्विबंध (दोन कार्बनमधले दुहेरी बंध) असतात ती असंपृक्त, एकही नसतो ती संपृक्त (स्टिअरिक). एकच द्विबंध असेल तर एक-असंपृक्त (ओलेइक), अधिक असतील तर बहु-असंपृक्त (लिनोलेइक, आणि ओमेगा-३ गटातली आल्फा-लिनोलेनिक, ईपीए, डीएचए). नैसर्गिक तेलांत हे बंध बहुधा सिस मांडणीचे, म्हणजे साखळीचे दोन्ही भाग एकाच बाजूला असलेले, असतात. तिथे साखळी वाकते, रेणू दाटीने बसत नाहीत आणि मेद पातळ राहतो. स्टिअरिक आणि ओलेइक दोन्हींत कार्बन १८च. पण पहिले ६९° से.ला वितळते, दुसरे १३ ते १६° से.ला.

नारळाचे तेल झाडाचे असूनही सुमारे ९० टक्के संपृक्त असते, म्हणून पारा २४° से.खाली गेला की बाटलीत थिजते. कोकमाच्या बियांचे भिरंडेल संपृक्त आणि असंपृक्त यांच्या मधोमध बसते: त्यात निम्म्याहून अधिक स्टिअरिक, तर साधारण ३५ ते ४० टक्के ओलेइक. बियांचा गर कुटून पाण्यात उकळतात, वर आलेले तेल काढून निवल्यावर हाताने गोळे वळतात. ते भर उन्हाळ्यातही घट्ट राहतात. काजूगरात सुमारे ४५ टक्के मेद असून त्यातला मोठा वाटा ओलेइकचा. शेंगदाणा तेलात ओलेइक आणि लिनोलेइक दोन्ही भरपूर, ओमेगा-३ मात्र जवळजवळ नाही.

ती उणीव भरून काढते मासळी. तारली, पेडवे आणि बांगडा यांच्या मेदात ईपीए व डीएचए तयार असतात. जवसातल्या आल्फा-लिनोलेनिकपासून शरीर ही दोन्ही बनवते खरे, पण फारच थोडी. तारलीतला मेद हंगामाप्रमाणे ३ टक्क्यांपासून १५ टक्क्यांच्याही वर जातो. पावसाळा सरल्यावरची तारली सर्वांत तेलकट, आणि पौष्टिकही तीच. महागड्या पापलेटापेक्षा इथे स्वस्त तारलीच सरस. तिखल्यात किंवा आमटीत मासळीचे सुटलेले तेल रसातच राहते. तळताना त्यातले काही कढईत उतरते.

लिनोलेइक व आल्फा-लिनोलेनिक शरीर स्वतः बनवू शकत नाही, म्हणून ती आवश्यक मेदाम्ले. संपृक्त मेदाच्या जागी बहु-असंपृक्त घेतल्यास रक्तातील एलडीएल (‘वाईट’) कोलेस्टेरॉल घटते. ‘जागी’ हा शब्द महत्त्वाचा. नारळाचे वाटण तेवढेच ठेवून वर चमचाभर तेल वाढवले, तर फक्त उष्मांक वाढतात (कोणतेही तेल असो, ग्रॅमला ९ किलोकॅलरी). संपृक्त मेद कमी करून मैदा-साखर वाढवली तरी लाभ नाही. ईपीए-डीएचए रक्तातील ट्रायग्लिसराइड हे मेद कमी करतात. रक्त पातळ करणारी औषधे चालू असणाऱ्यांनी माशाच्या तेलाच्या जास्त मात्रेच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

ज्या द्विबंधामुळे हा गुण, त्याच्याच शेजारच्या कार्बनपासून खवटपणा सुरू होतो. ऑक्सिजन तिथे जोडला जातो, पेरॉक्साइड बनतात, ते फुटून वासाचे अल्डिहाइड तयार होतात. ओलेइकपेक्षा लिनोलेइक कितीतरी वेगाने बिघडते, आणि माशाचे तेल त्याहूनही. म्हणून कमी मेदाचा बोंबील नुसत्या उन्हावर चांगला सुकतो. बांगड्याला मीठ लावूनही तो पिवळसर-तपकिरी पडून खवटतो. मीठ जंतू रोखते, ऑक्सिजन नव्हे. खारा बांगडा घट्ट बांधून, अंधारात ठेवावा आणि लवकर संपवावा. जवसाची पूड आठवड्यापुरतीच करावी. सोललेले काजूगर हवाबंद डब्यात, शक्यतो फ्रीजमध्ये.

तळणाच्या तेलात रव्याचे जळके कण राहिले तर बिघाड वेगाने होतो, म्हणून निवल्यावर लगेच गाळावे. फेस येणे, तेल दाट होणे, पूर्वीपेक्षा लवकर धूर येणे ही ते टाकण्याची लक्षणे. भारतात तळणाच्या तेलातील एकूण ध्रुवीय संयुगांची (तेल बिघडताना बनणाऱ्या पदार्थांची) मर्यादा २५ टक्के आहे. अंशतः हायड्रोजनीकृत वनस्पती तुपात काही बंध ट्रान्स (दोन्ही भाग विरुद्ध बाजूंना) होऊन साखळी सरळ होते. असे मेद एलडीएल वाढवतात आणि एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) घटवतात. जानेवारी २०२२पासून तेल-तुपातील औद्योगिक ट्रान्स मेदावर २ टक्क्यांची मर्यादा आहे.