डिंकाच्या डबीतला जीव

ऑगस्टमध्ये कान्हेरीला गेलात तर लेण्यांच्या कपाळावरून खाली उतरलेले काळे पट्टे बघा. पाणी ओघळतं तिथेच ते असतात. ‘काजळी धरलीय’ म्हणत लोक पुढे जातात. पण असे पट्टे बहुधा जिवंत असतात, नीलहरित जिवाणूंचे, म्हणजे उन्हावर स्वतःचं अन्न बनवणाऱ्या सूक्ष्म जिवांचे. उन्हाळ्यात खरवडले तर काळी भुकटी निघते, पावसात बोट लावलं तर बुळबुळीत लागतात. आल्प्समधल्या अशाच पट्ट्यांना जर्मन भाषक ‘शाईच्या रेघा’ म्हणतात, आणि या जिवांच्या नावांचा बराचसा घोळ तिथल्याच कड्यांवर झाला.

१८४३ साली फ्रीडरिश क्युट्झिंग या जर्मन शैवालतज्ज्ञाने याच जिवांतली ग्लिओकॅप्सा ही प्रजाती (जवळच्या जातींचा गट) मांडली. नावाचा अर्थ साधारण ‘डिंकाची डबी’. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की नाव पटतं. पेशी दुभंगते, दोन्ही पिल्लांभोवती नवं चिकट आवरण येतं, पण आईचं जुनं आवरण गळून पडत नाही. डब्यात डबा, त्यात आणखी दोन डबे. कड्यावरच्या जिवाला ही सोय फार कामाची, कारण आवरण पाणी धरून ठेवतं आणि त्यातला रंग उन्हाला आडवा येतो.

गोची त्या रंगानेच केली. कुठे आवरण लाल, कुठे जांभळं, कुठे पिवळट तपकिरी, तर कुठे अगदी रंगहीन. एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासकांनी रंगावरून जाती पाडल्या. लाल ती सँग्विनिया, निळी-जांभळी ती अल्पिना, आणि अशा कितीतरी. ऑस्ट्रियन शैवालतज्ज्ञ लोथार गाइटलर यांच्या १९३२ च्या महाग्रंथातही या प्रजातीची विभागणी आवरणाच्या रंगावर उभी आहे.

आता आपल्या स्वयंपाकघरात या. हळदीला चुना लागला की ती लाल होते. पूर्वी कुंकू असंच करत. आवरणातल्या ग्लिओकॅप्सिन या रंगद्रव्याचाही स्वभाव तसाच, फक्त उलट्या दिशेने: आम्लात लाल, अल्कधर्मी परिसरात निळं-जांभळं. म्हणजे चुनखडकावरची जांभळी आणि ग्रॅनाइटवरची लाल यांतला फरक पुष्कळदा खडकाचा असू शकतो, जिवाचा नव्हे. स्वित्झर्लंडच्या ओटो जाग यांनी वर्षानुवर्षं उघडे कडे तपासले आणि १९४५ मध्ये या ‘जातीं’पैकी अनेक म्हणजे एकाच जिवाच्या वेगवेगळ्या अवस्था आहेत, असं मांडलं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सर्वांत धाडसी पाऊल हेच. दुसऱ्यांनी दिलेली नावं खोडायला कुणाला आवडतं?

भारतात या विषयाचा पाया मद्रासचे शैवालतज्ज्ञ एम. ओ. पी. अय्यंगार यांच्या परंपरेने घातला. त्यांचे शिष्य टी. व्ही. देसिकाचारी यांचा ‘सायनोफायटा’ १९५९ मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेने काढला. मुंबईतल्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत नमुना ओळखायचा म्हटलं की आजही हात आधी त्या जाडजूड ग्रंथाकडे जातो.

१९७८ मध्ये सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रॉजर स्टॅनियर आणि सहकाऱ्यांनी नवाच वाद उकरला. या पेशींत केंद्रक नाही, तेव्हा हे शैवाल नव्हेत, जिवाणू आहेत. मग नावंही जिवाणूंच्या नियमांनी द्या. वनस्पतींच्या नियमांत वाळवलेला नमुना चालतो, जिवाणूवाल्यांना जिवंत, शुद्ध वाण हवा. कातळावरचा जीव इथे अडतो. तो वाढतो मुंगीच्या पावलाने, आणि काचेच्या नळीत सुखाने राहू लागला की आवरण पातळ होतं, रंग फिका पडतो. ज्या खुणेवरून नाव दिलं तीच जाते.

आता वर्णन करताना दिसणं, अधिवास आणि जनुकांचा क्रम असं तिन्ही मागतात. चेक शास्त्रज्ञ यिर्शी कोमारेक आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये याच आधारावर सगळ्या नीलहरित जिवाणूंची फेरमांडणी केली. कड्यावरच्या खरवडीत मात्र पाच-सहा जीव एकमेकांत गुंतलेले असतात. क्रम हाती आला तरी तो त्यातल्या नेमक्या कोणत्या डबीचा, हे ठरवायला पुन्हा सूक्ष्मदर्शकालाच डोळा लावावा लागतो.