टार्सियरचे डोळे चमकत नाहीत

गेल्या आठवड्यात भाच्याने एक रील पाठवली. काळोखात फांदीला बिलगलेलं मूठभर जनावर आणि बॅटरीच्या झोतात हिरव्या दिव्यांसारखे पेटलेले त्याचे दोन डोळे. खाली ओळ: ‘जगातलं सर्वात छोटं भुताळी माकड’. प्राणी खरा आहे, त्याचं नाव टार्सियर. पण ते माकड नव्हे, सर्वात छोटंही नव्हे (मादागास्करचे माऊस लेमूर त्याहून कितीतरी लहान), आणि डोळ्यांतली ती हिरवी आग कुणीतरी मागाहून भरलेली आहे. टार्सियरच्या डोळ्यांना तसं चमकताच येत नाही, आणि त्याची खरी गोष्ट तिथेच आहे.

रात्री घाटातून गाडी चालवताना वळणावर दोन ठिपके चमकतात आणि मग कळतं की मांजर आहे. शेजारी उभ्या माणसाचे डोळे मात्र चमकत नाहीत. का? दृष्टिपटलावर, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्यावर, पडणारा सगळा प्रकाश तिथल्या पेशी टिपत नाहीत, काही त्यांना चुकवून पलीकडे निघून जातो. मांजराच्या दृष्टिपटलामागे एक चकचकीत अस्तर असतं, टॅपीटम. निसटलेला प्रकाश त्यावर आपटून परत फिरतो आणि पेशींना तो टिपायची दुसरी संधी मिळते. चाळणीतून निसटलेले दाणे पुन्हा चाळणीत टाकावेत तसं. दुसऱ्यांदाही जो सुटतो तो बाहुलीतून बाहेर पडतो. आपल्याला दिसते ती ही उरलीसुरली शिल्लक.

सोय फुकट मात्र नाही. परतणारा प्रकाश बरोबर त्याच पेशीवर येईल असं नसतं, त्यामुळे चित्र थोडं पसरतं. अंधारात ते चालून जातं. भर उन्हात, जिथे प्रकाश मुबलक आहे आणि बारकावा हवा आहे, तिथे हे अस्तर अडचणच.

टार्सियर पक्का निशाचर. रात्रभर नाकतोडे, झुरळं, पाली पकडतो. पाला-फळं अजिबात खात नाही, प्रायमेट म्हणजे लेमूर, माकडं, वानरं आणि माणूस यांचा गट; त्यात निव्वळ मांसाहारावर जगणारा हा एवढाच. अशा प्राण्याला टॅपीटम हवंच. ते त्याला नाही. उलट त्याच्या दृष्टिपटलावर फोविया नावाचा बारीक खळगा आहे, जिथे नजर सर्वात तीक्ष्ण असते. सस्तन प्राण्यांत हा खळगा फक्त माकडं, वानरं, माणूस आणि टार्सियर यांच्याकडे सापडतो. दिवसा वावरणाऱ्याच्या उपयोगाची वस्तू रात्रीच्या शिकाऱ्याकडे कशी?

सर्वात पटणारं उत्तर असं: त्याचे पूर्वज दिवसा वावरत होते आणि त्यांनी अस्तर गमावलं. पुढे ही शाखा पुन्हा रात्रीकडे वळली, पण उत्क्रांतीत टाकलेली वस्तू परत मागवता येत नाही. मग एकच वाट उरली, डोळाच मोठा करणं. पाऊस कमी असेल तर पागोळीखाली तांब्या नाही, घंगाळ ठेवायचं! टार्सियरचं वजन साधारण 80 ते 160 ग्रॅम, पण डोळ्याचा व्यास 16 मिलिमीटरच्या आसपास. आपला 24. त्याचा एकेक डोळा जवळपास त्याच्या मेंदूएवढा भरतो. एवढा डोळा खोबणीत फिरवायला जागा नाही, म्हणून मान फिरते, दोन्ही बाजूंना 180 अंशांपर्यंत.

डोळ्यांवरून आठवलं. दक्षिण भारतातल्या जंगलांत लोरिस नावाचा छोटा निशाचर प्रायमेट आहे, त्याच्या डोळ्यात टॅपीटम आहे, आणि अभ्यासक रात्री त्या चमकेवरूनच त्याची मोजदाद करतात. त्याच डोळ्यांत काहीतरी ‘शक्ती’ असते म्हणून त्याला जादूटोण्यासाठी पकडतात. आपल्याकडे दिवाळीच्या सुमारास घुबडांच्या मागे लागणारे लोक याच पंथाचे. चमक ही शक्ती नाही, मांजराची आहे तीच सोय आहे.

आता वर्गीकरण. लेमूर, लोरिस आणि टार्सियर यांना पूर्वी एकाच गोणीत भरत. कारणंही होती: जबड्याचे दोन भाग न जुळलेले, पायाच्या बोटांवर केस विंचरायची खास नखं. 1918 साली पोकॉक या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने नाकाकडे बोट दाखवलं. लेमूर-लोरिसचं नाक कुत्र्यासारखं ओलं, टार्सियरचं आपल्यासारखं कोरडं आणि वरचा ओठ मोकळा. म्हणून ओल्या नाकाचे एकीकडे, कोरड्या नाकाचे दुसरीकडे. नाळेची रचनाही आपल्या बाजूची. शिवाय लेमूर क जीवनसत्त्व शरीरात तयार करतात. टार्सियरला आणि आपल्याला ते जमत नाही, ते जनुक निकामी झालंय.

वाद मिटवायला 2001 साली उड्या मारणारे डीएनएचे तुकडे कामी आले. हे तुकडे स्वतःची प्रत काढून जीनोममध्ये, म्हणजे प्राण्याच्या सगळ्या डीएनएत, कुठेतरी घुसवतात. कोट्यवधी जागांपैकी नेमक्या त्याच जागी तोच तुकडा दोन प्राण्यांत स्वतंत्रपणे घुसणं जवळपास अशक्य. मग जागा जुळली की पूर्वज सामाईक. टार्सियर आणि माकडांमध्ये अशा जागा जुळल्या, लेमूरमध्ये त्या रिकाम्या होत्या. म्हणजे टार्सियर माकड नाही, पण लेमूरपेक्षा आपला जवळचा. सख्खा नाही, चुलतही नाही, भाऊबंदकीतला म्हणू.

आज तो फक्त आग्नेय आशियातल्या बेटांवर उरलाय. 2010 मध्ये त्याच्या एका प्रजातीच्या (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) तीन प्रजाती केल्या: सुलावेसीकडची टार्सियस, बोर्निओ-सुमात्राची सेफॅलोपॅकस आणि फिलिपिन्सची कार्लिटो. हे शेवटचं नाव बोहोल बेटावर टार्सियर जपणाऱ्या कार्लिटो पिझारास यांच्यावरून. सुलावेसीचे टार्सियर पहाटे जोडीने गातात, आपल्यालाही ऐकू येतं. फिलिपिन्सचा मात्र बराच मुका समजला जाई. 2012 मध्ये ध्वनिमापकाने दाखवलं की त्याची एक हाक 70 किलोहर्ट्झच्या आसपास आहे. आपले कान 20 च्या पुढे बहिरे. तोंड उघडं दिसतं, आवाज येत नाही, आणि बघणाऱ्याला वाटतं, जांभई देतोय.