सगे आणि सोयरे: वाशीत निघालेल्या मसुद्यामागचा गुंता

कुणबी नोंद सापडलेल्यांच्या ‘सगेसोयऱ्यां’नाही कुणबी जातीचा दाखला मिळावा, ही मराठा आरक्षणासाठी उपोषणाला बसलेल्या मनोज जरांगेंची मागणी होती आणि सरकारने त्यासाठी नियमबदलाचा मसुदा काढला. मसुद्यावर तारीख २६ जानेवारी २०२४ ची, २७ ला वाशीच्या चौकात ज्यूस घेऊन त्यांचं उपोषण सुटलं, गुलाल उधळला गेला. पण ज्या शब्दासाठी हे सगळं झालं तो शब्द कायद्यात बसवायला इतका अवघड का गेला, त्यावर कमीच बोललं जातं.

मुळात कायद्यात ‘जवळचा नातेवाईक’ अशी एकच व्याख्या कधीच नव्हती, प्रत्येक कायद्याने कामापुरती यादी केलीय. पूर्वी मिताक्षरा या जुन्या धर्मशास्त्राच्या ग्रंथातलं सपिंड नातं (एकाच पूर्वजाचं, ज्यात लग्न वर्ज्य) होतं, १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात ते आईकडून ३ आणि वडिलांकडून ५ पिढ्या असं आलं, आणि रूढी असेल तर त्यातूनही सूट, म्हणून आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न चालतं. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात नवरा-बायको, मुलं, आईवडील, भाऊबहीण एवढेच जवळचे, आजी-आजोबा आणि नातवंडं २०११ च्या दुरुस्तीत आली, मामाला किडनी द्यायची तर आजही समितीची परवानगी लागते. इन्कम टॅक्समध्ये मात्र मामा जवळचा! त्याने भाच्याला फ्लॅटसाठी ५ लाख दिले तर टॅक्स नाही, पण भाच्याने मामाला दिले तर ५०,००० च्या वर गेलं की सगळी रक्कम मामाचं उत्पन्न.

जातीच्या दाखल्याचं गणित याहून कडक. कायदा २००० चा, नियम २०१२ चे, आणि त्यात नातेवाईक म्हणजे वडिलांकडचे रक्ताचे. म्हणून फाइलीत वंशावळ लागते, आजोबा-पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, नाहीतर गाव नमुना १४ चा, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यू नोंदवहीचा उतारा, मोडीत असेल तर वाचणारा शोधा, आणि नोंदीत कुठेतरी कुणबीऐवजी नुसतं ‘कु.’ लिहिलेलं असतं त्यावर सगळं अडतं. कोपरखैरणे-घणसोलीत माथाडी कामासाठी आलेली सातारा-पुण्याकडची कितीतरी घरं आहेत, त्यांचे कागद गावाकडे आणि काम इथे.

आता मसुदा. सगे म्हणजे रक्ताचे, सोयरे म्हणजे सोयरीक जुळल्यावर झालेले, हे घरात कुणाला समजवावं लागत नाही. पण मसुद्याने व्याख्या केली ती अशी की वडील, आजोबा, पणजोबा आणि त्याआधीच्या पिढ्यांत जातीतल्या जातीत झालेल्या लग्नांतून जे नातेवाईक झाले ते. म्हणजे भावकीच्या बाहेरचं लग्नाचं नातं पहिल्यांदाच पुरावा म्हणून आत येत होतं, ही खरंच मोठी गोष्ट होती, आणि विरोध करणाऱ्यांचाही आक्षेप नेमका तोच होता, की लग्नाने जात सिद्ध होते का आणि साखळी थांबणार कुठे. तो प्रश्न रास्त आहे. मला मात्र जास्त खटकतं ते पुढचं वाक्य, ‘पितृसत्ताक पद्धतीतील सगेसोयरे’. सोयरे घेतले तेही बापाच्याच लाइनमधून. जी आई पोराला वाढवते, जिच्या माहेरी तो निम्मं बालपण काढतो, त्या घरातली नोंद बाजूलाच. आंतरजातीय लग्नातल्या मुलाने आईच्या समाजात वाढल्याचं सिद्ध केलं तर त्याला आईची जात लागू शकते असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच म्हटलंय, पण त्याची सावलीही या मसुद्यात नाही.

हरकतींना १६ फेब्रुवारी २०२४ पर्यंत मुदत होती, २० तारखेला विधिमंडळाने मराठ्यांना वेगळं १० टक्के आरक्षण मंजूर केलं आणि सगेसोयऱ्यांची अंतिम अधिसूचना मागेच पडली. २ सप्टेंबर २०२५ च्या हैदराबाद गॅझेटवाल्या (मराठवाड्यातल्या निजामकाळच्या नोंदींवरच्या) जीआरमध्ये शब्द आला तो ‘गावातील किंवा कुळातील नातेवाईक’, त्यांना कुणबी दाखला मिळालेला असेल आणि ते प्रतिज्ञापत्र द्यायला तयार असतील तर गावपातळीवरच्या समितीने चौकशी करायची. तोही मराठवाड्यापुरता, सातारा गॅझेटचं नंतर बघू म्हणाले, म्हणजे घणसोलीतल्या सातारकरांना त्याचा काही उपयोग झाला नाही, त्यांची फाइल अजून वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यावरच चालते.