फोर्डची मॉडेल टी फक्त काळीच? छे!

‘गिऱ्हाईकाला हवा तो रंग मिळेल, फक्त तो काळा असला पाहिजे,’ हे हेन्री फोर्डचं वाक्य सगळ्यांना तोंडपाठ. त्यावरून फोर्ड कंपनीची मॉडेल टी ही मोटार जन्मापासून शेवटपर्यंत काळीच होती असं बिनधास्त ठोकून दिलं जातं. ते खरं नाही.

1908 साली गाडी बाजारात आली ती राखाडी, हिरव्या, लाल अशा रंगांत. सुरुवातीची काही वर्षं यादीत काळा रंगच नव्हता! पुढे बॉडी गडद निळी आणि चाकांवरची मडगार्डं काळी, असा थाट आला. सरसकट काळी गाडी 1914 पासून.

गंमत म्हणजे फोर्डच्या 1922 च्या आत्मचरित्रात हे वाक्य आपण 1909 मध्ये बोललो असं म्हटलंय. म्हणजे रंगीत गाड्या कारखान्यातून बाहेर पडत असताना!

मग काळाच का? फोर्डच्या अमेरिकेतल्या हायलँड पार्कच्या कारखान्यात 1913 मध्ये सरकती असेंब्ली लाइन सुरू झाली, म्हणजे गाडी पुढे सरकत जाते आणि प्रत्येक कामगार जागेवरच आपला भाग जोडतो. साडेबारा तास खाणारी चॅसीची, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याची, जोडणी दीड तासावर आली. अशा घाईत चार रंगांचे डबे कोण सांभाळणार? काळा रंग स्वस्त आणि टिकाऊ होता. ‘तो सगळ्यात लवकर वाळायचा’ हे कारणही हमखास सांगतात, पण ते जरा जपूनच घ्यावं. एकाच गाडीवर वेगवेगळ्या भागांना वेगवेगळे काळे रंग लागत, आणि त्यांची वाळवण्याची पद्धतही एक नव्हती.

1926 च्या मॉडेलपासून हिरवा, मरून पुन्हा आले. तोवर प्रतिस्पर्धी कंपनी जनरल मोटर्सच्या रंगीत गाड्या गिऱ्हाईकं पळवू लागल्या होत्या.